फंक्शनच्या खोलीतली पूर्वा

कोथरूडमध्ये दुपारी एक ते चार या वेळात काही घडत नाही, आणि घडलंच तर ते चारनंतर कळवावं अशी अपेक्षा असते. कुसुमताईंच्या दारावर तशी पाटीच होती: "एक ते चार बेल वाजवू नये. आग लागली असल्यास अग्निशामक दलाला कळवावे, आम्हाला नको." दार राहत्या फ्लॅटचंच, त्याच्या पुढच्या दोन खोल्यांना ताई ऑफिस म्हणायच्या. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा पुण्यात जो तो परदेशी कंपन्यांची कामं करायला लागला होता. ताईंनीही दोन कॉम्प्युटर आणले आणि औषध कंपन्यांचे आकडे तपासून द्यायला सुरुवात केली. कमाई बरी व्हायची. ज्यांच्याकडे द्यायला काही नाही अशांची कामं मात्र त्या जास्त आवडीनं करायच्या, आणि तसं कोणी तोंडावर म्हटलं की चिडायच्या.

या ऑफिसात नोकरीला माणूस एकच, उत्कर्षा. वैनगंगेच्या काठची मुलगी. नागपूरला एम.एस्सी. केलं, रात्रभर बसमध्ये अवघडून स्वारगेटला उतरली, तेव्हा तिच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात तांदळाची थैली. पुण्यात खाण्यासारखा तांदूळ मिळत नाही अशी तिच्या आईची, विमलाबाईंची, पक्की समजूत होती. ती समजूत आजतागायत कोणी दूर करू शकलेलं नाही.

दुपारी ताई आत झोपायच्या. रस्त्यानं एखादी स्कूटर जायची आणि तिचा आवाज पार लांबपर्यंत ऐकू येत राहायचा. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन फरशीवरून सरकत टेबलाच्या पायाशी यायचं, कॉम्प्युटरचा पंखा घुमत असायचा. जाग आणि झोप यांच्यामध्ये एक पातळशी जागा असते, तिथे उत्कर्षा बसलेली असायची. तिला ती जागा फार आवडायची, कारण तिथे तिला पूर्वा भेटायची.

पूर्वा तिची धाकटी बहीण. ती सतरा वर्षांची असतानाच गेली होती. मग ती कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दुपारची भेटते कशी, हे सांगायचं तर आधी कामाचं सांगावं लागेल.

वैनगंगेच्या काठी एक लहानसा दवाखाना होता. त्या भागात सिकलसेल फार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंगात कुठेही अडकतात, आणि मग हाडं आतून दुखतात. हे आईबापांकडून येतं आणि आलं की जात नाही. अशा माणसाचं हिमोग्लोबिन एरवीही कमीच असतं, पण कधीतरी ते अचानक आणखी उतरतं. तेव्हा प्रश्न पडतो, की खराब रस्त्यानं जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायचं, की उद्यापर्यंत वाट पाहायची? सगळीकडे एक अंदाज धरलेला असे: दोननं उतरलं तर न्यायचं. पण हा अंदाज सगळ्यांना सारखा लागू पडत नव्हता. म्हणून दवाखान्यानं ताईंना विचारलं, की नर्सनं वय, नेहमीचं हिमोग्लोबिन आणि आजचं हिमोग्लोबिन भरावं आणि मशीननं 'पाठवा' किंवा 'थांबा, उद्या पुन्हा पाहा' एवढंच सांगावं, असं काही करता येईल का?

उत्कर्षानं ते काम आर नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत केलं. आकडेवाले लोक हीच भाषा वापरतात. तिनं एक मोठं फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे यंत्राला शिकवलेलं काम, आकडे द्यायचे आणि उत्तर घ्यायचं. हे मोठं फंक्शन त्या भागातल्या सगळ्या रोग्यांची यादी वाचायचं, तिच्यातून नर्सच्या तिन्ही नोंदींना किती महत्त्व द्यायचं ते सांगणारे तीन आकडे काढायचं, आणि त्या तीन आकड्यांवर चालणारं एक छोटं फंक्शन जन्माला घालायचं. दवाखान्यात जायचं होतं ते हे छोटं. तिनं ते सीडीवर भरून कुरिअरनं धाडलं आणि निवांत झाली.

चार दिवसांत दवाखान्यातल्या नर्सचा, मालनबाईंचा, फोन आला.

"मॅडम, तुमची सीडी टाकली जी. पण बटन दाबलं का मशीन झोपते. मी चहा मांडला, पिऊन झाला, कप धुऊन ठेवला, तरी झोपूनच आहे."

दवाखान्याचं मशीन कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेलं, मेमरी अगदी तोकडी. ताईंनी चष्मा वर करून फाइलचा आकार पाहिला.

"तीन आकड्यांची पुडी, आणि वजन गव्हाच्या पोत्याचं? पोरीला सासरी पाठवताना अख्खं माहेर बांधून दिलंयस काय गं?"

ताई थट्टेत बोलल्या, पण झालं होतं नेमकं तेच. या भाषेतल्या फंक्शनला एक खोड आहे. ते ज्या खोलीत, म्हणजे मेमरीतल्या ज्या जागेत, जन्मतं त्या खोलीची किल्ली कमरेला लावूनच बाहेर पडतं. खोलीत त्या वेळी जे जे मांडलेलं असेल ते सगळं मग त्याचं. कामाचे तीन आकडे त्याचे, आणि बिनकामाची अख्खी यादीही त्याचीच. यादीकडे ते जन्मात ढुंकूनही पाहत नाही. पण किल्ली कोणाच्या तरी कमरेला आहे म्हटल्यावर मशीनची झाडलोट करणारा, म्हणजे बिनवापराचं आपोआप पुसून टाकणारा प्रोग्रॅम, त्या खोलीला हात लावत नाही. आणि असं फंक्शन परगावी धाडलं, की खोलीही सामानासकट त्याच्याबरोबर जाते आणि तिकडच्या गरीब मशीनच्या उरावर बसते.

उपाय एका ओळीचा होता. छोटं फंक्शन घराबाहेर पडण्याआधी खोलीतून यादी काढून टाकायची. उत्कर्षाला तो त्याच दिवशी कळला. "करते ताई, उद्यापर्यंत," ती म्हणाली, आणि काढून टाकण्याआधी खोलीत काय काय आहे ते एकदा नीट पाहावं म्हणून आत शिरली.

यादीत नावं नव्हती. दवाखान्यानं ती मुद्दाम गाळली होती. गाव, वय, नेहमीचं हिमोग्लोबिन, त्या दिवशीचं हिमोग्लोबिन, पुढे काय झालं, एवढंच. ओळीमागून ओळी वर सरकत होत्या आणि एके ठिकाणी तिचं गाव आलं. मुलगी, वय सतरा. नेहमीचं आठ पूर्णांक चार. त्या दिवशीचं सात पूर्णांक एक. उत्कर्षाचा हात माउसवरून आपोआप उचलला गेला. त्या गावात आठ पूर्णांक चारवाली सतरा वर्षांची मुलगी एकच होती, आणि ती उत्कर्षाच्या अंथरुणात घुसून तिची चादर ओढून घ्यायची.

पूर्वाला फार वेळ उभं राहवायचं नाही. पाय दुखायचे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई तिला पायरीवर बसू द्यायच्या, आणि बाकीच्या डोळे मिटून गात असल्या की ही बसल्या बसल्या सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या बदलून ठेवायची. प्रार्थना संपली की वर्गभर गोंधळ, आणि ही तोंडात ओढणी कोंबून हसणार. शेवटच्या दिवशीही ती ओट्यावर उन्हात पाय सोडून बसली होती. रक्त तपासलं तर दोननं उतरलेलं नव्हतं, दीडनंही नाही. उद्या पाहू, असं सगळेच म्हणाले. म्हणणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. फक्त त्या घरात त्यानंतर 'उद्या पाहू' हे शब्द कोणी कोणाला म्हणालं नाही.

त्या दुपारी उत्कर्षानं ती एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

ऊन टेबलाच्या पायाशी आलं की ती खोलीत जायची. हळूहळू ती खोली तिला दिसायलाच लागली. लांबच लांब, पांढऱ्या चुन्याची, दवाखान्याच्या पडवीसारखी. सगळे आपापल्या क्रमांकानं ओळीत उभे. कोणी बोलत नाही, कोणाला घाई नाही. पूर्वा आपल्या जागी, शाळेच्या निळ्या कुडत्यात. उत्कर्षा तिच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि ऑफिसातल्या गमती सांगायची. ताईंनी वॉचमनला कसं फटकारलं, मंडईत वांगी घेताना भाजीवालीनं ताईंनाच कसं गप्प केलं. पूर्वा ऐकायची. तिचं लक्ष मात्र बाकीच्यांच्या चपलांकडे असायचं. चार वाजता आतून कपबशांचा आवाज आला की खोली विझून जायची आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसते आकडे उरायचे. पण तेवढ्यानं उत्कर्षाचा सगळा दिवस सुखात जायचा. इतकी सुखी ती पुण्यात आल्यापासून कधी नव्हती.

"झालं का गं ते दवाखान्याचं?" ताई विचारायच्या.

"अजून तपासतेय, ताई."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती कानापर्यंत लाल व्हायची. ताई बघायच्या आणि बिस्किटाचा डबा पुढे सरकवायच्या.

मग एका दुपारी मालनबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी चहाची गंमत नव्हती.

"मॅडम, सोनू नावाची पोरगी आली होती जी, सोळाची. बाकावर बसवलं, आकडे भरले, मशीन झोपलं ते झोपलंच. बाप म्हणे रोजी बुडते. घेऊन गेला घरी. चांगली आहे आता, देवाची कृपा. पण मॅडम, दर वेळी थोडीच असं होते? डॉक्टर आठवड्यातून दोनदा येते. बाकी दिवस मी न् हे मशीन."

उत्कर्षानं फोन ठेवला. तिला लाज वाटली, सरळ आणि भरपूर लाज वाटली. तिकडे एक मुलगी बाकावर ताटकळली, कारण इकडे हिला आपल्या बहिणीला सोडवत नव्हतं. तिनं प्रोग्रॅमची फाइल उघडली, ती एक ओळ लिहायला घेतली, आणि बोटं थबकली. मग तिला एक युक्ती सुचली. आकड्यांत मुरलेल्या माणसालाच सुचावी अशी ती युक्ती होती.

सगळी यादी काढायची. एक ओळ ठेवायची.

एका ओळीला जागा ती किती लागणार? मशीनला पत्ताही लागणार नाही. तिनं पूर्वाची ओळ वेगळी काढली, तिला पूर्वा असंच नाव दिलं, आणि बाकीची यादी खोलीतून काढून टाकली. फाइल सुकलेल्या शेंगेसारखी हलकी झाली. ऑफिसातल्या जुन्या मशीनवर चालवून पाहिली तर उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. खोलीत गेली, तर सगळी पडवी रिकामी आणि मधोमध एकटी पूर्वा. आता दवाखान्यात, आणि पुढे ज्या ज्या दवाखान्यांत हे जाईल तिथे तिथे, फंक्शनच्या कमरेच्या किल्लीमागे पूर्वा असणार होती. कोणाला त्रास नाही, कोणाला कळणार नाही. उत्कर्षाला वाटलं, आपण दोन्ही साधलं.

पण बाहेर जाणारं काहीही ताईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय जात नसे. त्या दिवशी ताई जेवून उठल्या, तोंडात बडीशेप टाकली आणि झोपायला जायच्या आधी खुर्ची ओढून बसल्या.

"पोत्याची पुडी झाली म्हणायची. बघू."

त्यांनी खोलीत काय काय आहे ते विचारणारी आज्ञा टाइप केली. पडद्यावर वस्तूंची नावं आली. तीन आकड्यांची तीन, आणि चौथं नाव, पूर्वा.

"ही कोण?"

उत्कर्षाला खोटं सापडेना. "माझी बहीण," ती म्हणाली.

ताईंनी ती ओळ उघडली. गाव वाचलं, वय वाचलं, दोन्ही आकडे वाचले, शेवटचा रकाना वाचला. त्या बडीशेप चावायच्या थांबल्या. उत्कर्षाला वाटलं, आता एखादं खास पुणेरी वाक्य येणार आणि आपण त्यानं कायमच्या कापल्या जाणार. ते आलं असतं तर बरं झालं असतं, कारण त्याची तयारी होती.

"फंक्शन हिला काही विचारतं का गं?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. त्याला तीन आकडे पुरतात."

"मग ही तिथे काय करते?"

"काही नाही, ताई. नुसती उभी आहे." उत्कर्षानं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "तिला उभं राहवायचं नाही. पाय दुखायचे तिचे."

ताईंनी ती ओळ बंद केली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"आणि तू तिला गावोगाव उभी करणार," त्या म्हणाल्या. "दमेल गं पोर." त्यांनी उत्कर्षाच्या डोक्यावर हात ठेवला. असं करण्याची त्यांना सवय नसावी, कारण हात जरा जोरातच पडला. "मी पडते. चारला चहा घेऊ."

ऊन टेबलाच्या पायाशी आलं. उत्कर्षा शेवटची खोलीत गेली. पूर्वा होती तिथेच होती. या वेळी उत्कर्षानं तिला काही सांगितलं नाही, फक्त नीट पाहिलं. आणि इतक्या दुपारींत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. पूर्वा एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती, मग पुन्हा पहिल्यावर, शाळेच्या रांगेत बाईंचं लक्ष जाण्याची वाट पाहताना घ्यायची तसा. उत्कर्षा रडली. मग तिनं पूर्वाला काढून टाकणारी ओळ लिहिली आणि बटण दाबलं. पुन्हा वस्तूंची नावं विचारली, तर तीनच आली. झाडलोट करणारा आला असेल, खोली झाडून गेला असेल. त्याचा आवाज कधीच येत नाही.

आता फाइल इतकी लहान होती की सीडीची गरजच उरली नाही. ती ई-मेलनं गेली. जुनी सीडी मालनबाईंनी मोडून टाकली आणि तसं फोन करून कळवलं. त्यानंतरच्या दुपारी उत्कर्षाला जड गेल्या. पडद्यावर आकडे म्हणजे आकडे आणि फरशीवर ऊन म्हणजे ऊन. तिला झोपही येईना. ताईंनी तिला औषध कंपनीचं एक रटाळ काम दिलं आणि त्यातल्या चुका काढून तिला रोज थोडं चिडवत ठेवलं.

पावसाळा सरून हवा गार व्हायला लागली होती, आणि गारठ्यात या रोग्यांचे हाल वाढतात. अशाच एका दिवशी दुपारी अडीचला फोन वाजला. आतून ताईंचा आवाज आला, "पाटी वाचता येत नाही का लोकांना?" फोनवाल्याला पाटी कुठून दिसणार, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मालनबाई भरभर बोलत होत्या.

"मॅडम, ते सोनू आली जी. नेहमीचं आठ असते, आज सहा पूर्णांक सहा. दोन नाही उतरलं, दीडही नाही. पोरगी बोलून राह्यली, हसून राह्यली. मी तं म्हणणार होती, उद्या पाहू. पण मशीन म्हणते, पाठवा. डॉक्टर आज नाही. बाप म्हणे, पोरगी चांगली तं आहे, मशीनचं काय ऐकता? काय करू जी? मशीन बरोबर आहे ना तुमचं?"

"पाठवा," उत्कर्षा म्हणाली. "आत्ता पाठवा, मालनबाई. बापाशी मी बोलते, त्यांना फोन द्या."

ती त्या माणसाशी काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. आपल्या गावाच्या बोलीत बोलली एवढं खरं, कारण फोन ठेवला तेव्हा ताई दारात उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "हे मराठी तू इतके दिवस कुठे ठेवलं होतंस?" जीप मिळाली, ती निघाली, हे मालनबाईंनी कळवलं. मग बाहेर अंधार पडायला आला तेव्हा आणखी एक फोन आला. सोनूला इस्पितळात पोचेपोचेपर्यंत धाप लागली होती, रक्त आणखी उतरलं होतं. लगेच रक्त चढवलं. आता ती पाणी मागते आहे. "तिथले डॉक्टर म्हणे, उद्या आणली असती तं काही खरं नव्हतं," मालनबाई म्हणाल्या.

ताई चहा टाकायला आत गेल्या. उत्कर्षानं ऑफिसच्या मशीनवरची मूळ यादी उघडली. सोळा-सतराच्या मुली त्या यादीत अगदी थोड्या होत्या. तिनं मोठं फंक्शन पुन्हा चालवलं, फक्त त्याला एक ओळ वाचू दिली नाही, आठ पूर्णांक चारची. नवे तीन आकडे निघाले. जुन्यांपेक्षा किंचितच वेगळे. त्यात तिनं सोनूचं वय आणि दोन्ही हिमोग्लोबिन भरले.

पडद्यावर आलं: थांबा, उद्या पुन्हा पाहा.

मग तिनं पूर्वाला यादीत परत घेतलं आणि तेच आकडे पुन्हा भरले.

पाठवा.

मोजक्याच ओळी असल्या की त्यातली एक ओळही उत्तर फिरवते, हे तिला ठाऊक होतं. एम.एस्सी.ला पहिल्याच वर्षी शिकवतात. तरी ती तोंडावर हात ठेवून बसून राहिली. ताईंनी चहा आणून ठेवला, पडद्याकडे एकदा पाहिलं, आणि दिवा लावला.

विमलाबाईंचा फोन रोजच्या वेळेला आला. जेवली का, तांदूळ संपला का, असं रोजचं झालं.

"आई," उत्कर्षा म्हणाली, "आज पूर्वानं एका पोरीले दवाखान्यात पोचवलं. वाचली ते पोरगी."

पलीकडून घरामागच्या हातपंपाचा आवाज तेवढा येत राहिला. कसं, कुठे, हे काही विमलाबाईंनी विचारलं नाही. मग त्या म्हणाल्या,

"एवढ्या दूर गेली. पाय तं नाही दुखले ना वं तिचे?"

"नाही आई," उत्कर्षा म्हणाली. "आता नाही दुखत."